मन्मथप्पांनी गांजा ओढला नव्हता

मुखेडहून सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी दाढी करत होतो. "सर, मालक गेले," एवढंच त्या बोलल्या. मग कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि पुढचं सांगितलं. सकाळी दुकानाचं शटर वर करताना मन्मथप्पांच्या छातीत कळ आली, ते पायरीवर बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. वय साठीच्या आतलं. अर्ध्या गालाचा साबण तसाच पुसून मी निघालो. उदगीर, जळकोट करत एसटीने मुखेडला पोचलो तेव्हा माणसं रुद्रभूमीकडे, लिंगायतांच्या दफनभूमीकडे, निघाली होती. रिवाजाप्रमाणे मन्मथप्पांना बसवूनच नेलं होतं, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. बसलेला माणूस गेलेला वाटत नाही. आता मान वर करतील आणि म्हणतील, "या सर, उशीर केलाव," असं वाटत राहिलं.

माती देताना माझ्या मागे दोघे बोलत होते. "वय काय झालं होतं? गांजानं आतनं पोखरलं." दुसरा म्हणाला, "लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातनं त्याच्यापायीच काढून टाकलं होतं म्हणं." काढून टाकणारा माणूस त्यांच्या पुढ्यातच मूठभर माती घेऊन उभा होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी वळलो नाही. माती टाकली आणि बाजूला झालो. इतकी वर्षं जे केलं तेच त्याही दिवशी केलं. गप्प राहिलो.

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा मुखेडला गेलो, तेव्हा सुमनबाईंनी मला समोर बसवून विचारलं, "सर, पेपरात लिवताव न्हवं तुमी? मालकावर लिवा. गांजा वडला न्हवता म्हणून लिवा." मी म्हणालो, "ते लिहायचं तर दुसरंही लिहावं लागेल, बाई." त्या म्हणाल्या, "लिवा की. रोग होता म्हणून बी लिवा. मला बी हाय, ते बी लिवा. पोरीला इचारलंय मी. तिनं दोन वर्साखालीच नवऱ्याला सांगितलंय. आता कुणाची भीती हाय?" म्हणून हे लिहितो आहे.

मी चौतीस वर्षं लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. माझा धाकटा भाऊ दारूत गेला. तो फार गोड खोटं बोलायचा. आईच्या पायावर डोकं ठेवून सोडली म्हणायचा आणि तसाच उठून प्यायला जायचा. तो गेल्यावर मित्रांच्या मदतीने मी एक लहानसं केंद्र सुरू केलं, आणि मनाशी एक गाठ मारून सुरू केलं, की व्यसनी माणसाच्या शब्दावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. या गाठीचा मला त्या काळी अभिमान होता.

मन्मथप्पा आले ते मुखेडचं बापजाद्यांचं किराणा दुकान बंद पाडून. सुमनबाई आणि मेहुणे दोन्ही दंडांना धरून त्यांना घेऊन आले होते. मी ठरलेला प्रश्न विचारला, "काय काय घेता?" ते म्हणाले, "काय घेत न्हाई ते इचारा सर, लवकर हुईल." माझ्या शेजारी बसलेले केंद्राचे डॉक्टर हसले, मी हसलो नाही. पण हा माणूस टिकला. गांजाही सुटला, दारूही सुटली. घरी जायची वेळ आली तेव्हा म्हणाले, मला इथंच काम द्या, दुकानात बसलो तर जुने प्यायचे सोबती येतील. सुमनबाई आणि मुलगी लातूरला खोली करून राहिल्या, आणि मन्मथप्पा आमचे समुपदेशक झाले. पदवी नव्हती, पण नव्या माणसाला ते ज्या पद्धतीने बोलतं करत, ते कुठल्या पदवीत शिकवत नाहीत. सतरंजीवर त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. "देवाशप्पथ न्हाई घेत" असं कुणी म्हणालं, की सगळ्यांकडे बघून म्हणायचे, "गड्यांनो, आपल्यातला माणूस देवाशप्पथ म्हणला की त्याचे खिसे तपासा. दोनदा म्हणला की पायताण बी तपासा." हॉल हसायचा आणि शपथ घेणाराही हसायचा. 'नाही म्हणणं हीच या आजाराची पहिली खूण' हे मी फळ्यावर लिहीत असे, पण लोकांच्या गळी ते मन्मथप्पांनी उतरवलं.

आमच्याकडे एक प्रथा होती, आजही आहे. व्यसन सोडल्याचा दिवस हा त्या माणसाचा वाढदिवस. वर्ष पूर्ण झालं की हार, पेढे, आणि त्याने उभं राहून आपली वर्षं सांगायची. मधे पाय घसरला तर जुनी वर्षं पुसली जातात. पुन्हा उभं राहून म्हणायचं, 'आज माझा पहिला दिवस.' हे म्हणायला फार धीर लागतो. मी धिप्पाड माणसं हे वाक्य म्हणताना कोलमडलेली बघितली आहेत. मी सांगतो आहे त्या साली मन्मथप्पांची नऊ वर्षं झाली होती आणि एकदाही त्यांच्यावर ती पाळी आली नव्हती.

लघवी तपासायचं कार्ड केंद्रात मी आणलं. रसायनशास्त्राचा माणूस, मला ते फार आवडलं. चार थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. त्याची तऱ्हा उलटी असते. वरची रेघ उमटते ती कार्ड शाबूत असल्याची खूण. खालची रेघही उमटली तर माणूस कोरा, आणि नाही उमटली तर त्याच्या अंगात गांजा. दाखल झालेल्यांबरोबर कामावरच्या माणसांचीही अचानक तपासणी करायची, असं मी ठरवलं तेव्हा बाकीचे कुरकुरले. मन्मथप्पा म्हणाले, "त्यात काय? आदी माझं घ्या." दर वेळी पहिला नंबर तेच लावत आणि दर वेळी दोन रेघा उमटत.

त्या हिवाळ्यात मात्र त्यांच्यात काहीतरी बदललं होतं. सकाळी डोळे जड असत, जिना उतरताना कठड्याला धरत. आणि स्वप्नं सांगू लागले, अगदी रंगवून. "सपनात दुकानात उंट आला सर. साबुदाणा मागायला. म्हणलं, उपास हाय व्हय? तर म्हणला, मला न्हाई, मंडळीला हाय." सगळे हसून लोळले. मी हसता हसता त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. भावाचे डोळे मला पाठ होते.

पुढच्या तपासणीत खालची रेघ उमटली नाही. मी दुसरं कार्ड काढलं. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घेतला, तिसरं कार्ड. नाही. तीनदा तपासलं म्हणजे खात्री झाली, असं मी समजलो. ज्याने आयुष्यभर पोरांना शिकवलं, की एकाच उपकरणाने दहा वेळा मोजलं तरी उपकरणाची खोट निघत नाही, दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यावा लागतो, त्या माणसाने एकाच खोक्यातली तीन कार्डं वापरून पडताळा घेतला. खोट्या काट्यावर तीनदा तोललं. मोठ्या यंत्रावरची पक्की तपासणी हैदराबादला होत असे. नमुना पाठवता आला असता. डॉक्टर एकदा म्हणालेही, "पाठवायचा का?" मी म्हणालो, "डोळे दिसत नाहीत का त्यांचे?"

ऑफिसात बैठक घेतली. समितीचे आम्ही चौघे, समोर मन्मथप्पा, दार सताड उघडं आणि दारात चहाचा ट्रे घेऊन आमची स्वयंपाकीण. कार्डं टेबलावर ओळीने मांडलेली. ते बघून मन्मथप्पा गोंधळले, अगदी खरोखर गोंधळले. म्हणाले, "न्हाई सर. म्या वडला न्हाई." मी विचारलं, "मग कार्ड खोटं बोलतंय?" ते म्हणाले, "मला कार्डाचं कळत न्हाई. पर देवाशप्पथ सर..." आणि एकदम थांबले. खोलीतल्या प्रत्येकाला त्यांचं ते जुनं वाक्य आठवलं. दारातली बाई फिसकन हसली. मन्मथप्पांनीही हसायचा प्रयत्न केला, आपल्या पायातल्या चपलांकडे बघितलं आणि मान खाली घातली ती वर केली नाही.

मी एक प्रश्न विचारला, तो विचारायचा म्हणून. "काही औषधं चालू आहेत का?" चार माणसांसमोर, उघड्या दारात. ते म्हणाले, "न्हाई." ते मात्र खोटं होतं. त्या माणसाने माझ्याशी बोललेलं तेवढंच एक खोटं, आणि त्या एकावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला.

काढून टाकायचं माझ्या मनात नव्हतं, हे आज सांगून उपयोग नाही, पण खरं आहे. मी म्हणालो, "मन्मथप्पा, घसरण कुणाचीही होते. रविवारच्या बैठकीत उभं राहून कबूल करा. आज माझा पहिला दिवस म्हणा. नोकरी तुमचीच आहे." ते हळू म्हणाले, "सर, वडला असता तर म्हणलो असतो. मला शरम न्हाई त्याची. पर न वडता कसं म्हणू? खोटं बोलायचं सोडा म्हणून तुमीच शिकविलं." मला त्यात माझा भाऊ ऐकू आला. मी म्हणालो, "मग आमचा इलाज नाही." ते उठले, बाईच्या ट्रेमधला चहा तसाच राहिला. आठ दिवसांत लातूरची खोली सोडून ते मुखेडला परत गेले. त्या रविवारी मी हॉलमध्ये सांगितलं, की नऊ वर्षांचा माणूसही घसरतो, सावध राहा. त्यांच्या नावासकट सांगितलं. पोरं रडली. मला वाटलं, चांगला परिणाम झाला.

दीड-दोन वर्षांनी पत्नीच्या तपासण्यांसाठी नांदेडला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. एका बाजूच्या इमारतीत, जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या खिडकीसमोरच्या रांगेत मन्मथप्पा आणि सुमनबाई उभे दिसले. आपल्या गावचं कुणी भेटू नये म्हणून लातूरचे लोक या गोळ्यांना नांदेडला जातात आणि नांदेडचे लातूरला, हे मला केंद्रामुळे ठाऊक होतं. मी मागे फिरणार होतो. पण त्यांनी बघितलं होतं, आणि ते तोंड फिरवणारे नव्हते. "थांबा सर," म्हणाले, "गोळ्या घेऊन येतो. चहा घेऊ."

टपरीवर बाकड्यावर बसून त्यांनी सांगितलं. जुन्या दिवसांत कधीतरी लागलेला आजार, लातूरला असताना उघडकीला आला. ऑफिसातल्या त्या बैठकीच्या तीन-चार महिने आधी नांदेडलाच गोळ्या सुरू झाल्या, दोघांच्याही. झोपताना घ्यायची गोळी होती. तिने सकाळी गरगरतं, डोळे जड राहतात, आणि स्वप्नं पडतात... "उंट आल्याला त्या गोळीनं, सर." मग म्हणाले, "हितल्या एका बाईनं सांगितलं, ह्या गोळीनं काही काही कार्डात गांजा दिसतोय. मला बी तवाच कळलं. त्याच्या आदी मलाच वाटायचं, झोपंत उठून वडतो का काय मी?" हे वाक्य ते हसत म्हणाले. मला ते अजून ऐकू येतं. नऊ वर्षं शुद्धीत राहिलेल्या माणसाला मी स्वतःवर संशय घ्यायला लावला होता.

घरी आल्यावर औषध कंपनीत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "हो सर, हे माहीत असलेलं आहे. कार्डाला गांजा दिसत नसतो, त्याच्या रेणूचा आकार दिसतो. त्या गोळीचा शरीरात जो अंश तयार होतो, तो काही कंपन्यांच्या कार्डाला तसाच वाटतो. सगळ्या नाही. म्हणून तर हा निकाल प्राथमिक समजायचा असतो ना?" शेवटचा प्रश्न त्याने सहज विचारला होता. आठवडी बाजारात पाठमोऱ्या माणसाला चालीवरून ओळखीचा समजून हाक मारावी आणि त्याने वळून बघितल्यावर भलताच निघावा, तसा हा प्रकार. आपण "माफ करा, चुकलो" म्हणून पुढे जातो. मी हाक मारली, आणि तो वळायच्या आधीच शिक्षा सांगून मोकळा झालो.

पुढच्या आठवड्यात मुखेड गाठलं. म्हणालो, "मन्मथप्पा, मी रविवारी हॉलमध्ये सगळं सांगतो." ते एकदम उठले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मला घेऊन गेले, दार लावलं. "सर, हात जोडतो. पोरीचं जमायलंय नायगावला. गांजाकसाची पोरगी लोक करून घेत्यात. ह्याची न्हाई घेत." म्हणजे दोन बदनाम्यांतली एक त्यांनी निवडली होती, विचार करून. मला वाटलं, विषय संपला. त्यांनीच गप्प राहा म्हटलं, मी काय करणार? पण ही पळवाट होती. आजाराचं नाव न घेता मला म्हणता आलं असतं, की ते कार्ड चुकतं, मन्मथप्पांच्या बाबतीत चुकलं, माझी चूक झाली. एवढ्याने कुणाचं लग्न मोडलं नसतं. मी म्हणालो नाही, कारण त्याच कार्डावर आणखी दोघांना मी घालवलं होतं, आणि मग त्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं असतं. ते दोघे कुठे आहेत, त्यांना कसली औषधं चालू होती, मला आजही माहीत नाही. मी गुपचूप दुसऱ्या कंपनीचं कार्ड मागवायला लागलो. कुणी विचारलं तर सांगे, हे जास्त चांगलं आहे. मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरीही मी बोललो नाही. मन्मथप्पांनी कधी आठवण करून दिली नाही. गोळी बदलली तेव्हा मात्र फोन करून सांगितलं, "नवी गोळी आली सर. सकाळी घेतली तरी चालतंय. डोकं हलकं झालंय. पर उंट यायचा बंद झाला बघा."

मुखेडला त्यांनी दुकान पुन्हा उघडलं आणि मागच्या खोलीत रविवारी सकाळी पिणारी माणसं जमवायला लागले. फळा नाही, कार्ड नाही. नवा माणूस आला की त्याला एकट्याला घेऊन बसायचे, दार लावायचे आणि आधी विचारायचे, "कुठली गोळी चालूय का? मला सांगा, माझ्यापशीच राहील." किती पिता हा प्रश्न नंतर. मी एकदा विचारलं होतं, "फसवत नाहीत का तुम्हाला?" म्हणाले, "फसवत्यात की. लई फसवत्यात. तुमी दोन महिन्यात एकदा या, तुमाला बी फसवतील."

परवाच्या रविवारी मी त्या खोलीत गेलो. मन्मथप्पा नसतानाही माणसं आली होती. मी आजवर अशा बैठकांना खुर्चीवर बसत आलो. त्या खोलीत खुर्चीच नाही. गुडघे दुखत होते तरी सतरंजीवर बसलो आणि जे वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. कार्ड, तीन वेळा, उघडं दार, आणि नंतरची माझी वर्षं. सुमनबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. आजाराचं नाव घेताना मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान डोलावली. माझं संपल्यावर तुकाराम नावाचा एक म्हातारा हमाल म्हणाला, "सर, रागावू नका. आप्पानं गांजा वडला न्हवता हे आमाला काय सांगताव? आमी रोज त्याच्या दुकानात चहा प्यालो. आमाला कळत न्हाई व्हय वडलेला माणूस? लातूरला जाऊन सांगा की." आणि मग माझ्या वयाकडे बघून जरा नरमला, म्हणाला, "चहा घ्या आदी."

लातूरला वाचलं जावं म्हणूनच हे लिहिलं. केंद्राच्या हॉलमध्ये येत्या रविवारी मी स्वतः उभा राहून सांगणार आहे. मन्मथप्पांची सारी वर्षं त्यांची होती. एकही दिवस पुसला गेला नव्हता.

चहा झाल्यावर माणसं उठायला लागली, तेव्हा सुमनबाई आत गेल्या आणि हातात गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. त्यांच्या घरात ती बाटली वर्षानुवर्षं तांदळाच्या डब्यात पुरलेली असे, पाहुणा आला की दोघं पाळीपाळीने आत जाऊन घ्यायचे. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर काढली आणि इकडेतिकडे बघितलं. पाणी आणायचं राहिलं होतं. दहा-बारा पुरुष, सगळ्यांना कळलं होतं ती गोळी कसली ते. तुकारामने आपल्या पुढ्यातला तांब्या उचलला, धोतराच्या सोग्याने त्याचा काठ पुसला आणि उठून त्यांच्या हातात दिला. त्या वरून पाणी ओतून प्याल्या. उरलेलं पाणी तो म्हातारा तिथंच बसून प्याला, आणि मग चपला घालून घरी गेला.